माशाच्या दाढेत चांदी

तो डोंगर मुळी दगडाचा नव्हताच. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. त्यात मासे जगले, मेले, तळाला गेले, त्यांच्या हाडांवर हाडांचे थर बसले, आणि मग देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं तो समुद्राचा तळच उचलून आभाळाला टेकवून ठेवला. शाळेत हे पहिल्याच वर्षी शिकवत. त्यामुळे त्या गावात हाडाचं कुणाला काही वाटत नसे. पाया खणला तर हाड, नळ टाकायला रस्ता उकरला तर हाड. खाणीतून निघायचा तो फॉस्फेटचा दगड, पण त्याला त्या नावानं फक्त कचेरीतले लोक हाक मारत. बाकी सगळे म्हणत खताचा दगड, कारण तो दळून दूरदूरच्या शेतांवर खत म्हणून जायचा. त्याचा चुरा ज्या घरात नाही असं घर नव्हतं. कुंडीत मूठभर टाकला की बोटभर मिरची वीतभर होते, हे तान्ह्या पोराला सोडून सगळ्यांना ठाऊक.

माणूस ज्यात रोज वावरतो त्याच्याकडे बघायचं सोडून देतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जो तो वहिनीला एकच विचारायचा, बाई, आठ महिने तुला कळलं कसं नाही?

तिला वहिनी म्हणायचा खरा हक्क एकाचाच, तिच्या धाकट्या दिराचा. पण त्याचं ऐकून अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात ती आणि ऐंशी ओलांडलेली सासू. दिराचं घर वेगळं, पण बाजाराच्या रस्त्यावर त्याचं शोभेच्या दगडांचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत वहिनी छाटणीला बसायची. छाटणी म्हणजे काय, तर डोंगरातून खडे निघतात ते वेडेवाकडे, ढेकळासकट. ज्या दगडावर ते उगवलेले असतात त्याला या धंद्यात बैठक म्हणतात. हातदाबाच्या पोलादी यंत्रात बैठक धरायची, दांडा हळू ओढायचा, नको ते कट्कन तोडायचं, आणि खडा असा मोकळा करायचा की बघणाऱ्याला वाटावं, तो हवेतच उमलला. वहिनीचा हात त्यात देवानं दिल्यासारखा होता. एकदाही खडा तडकला नाही. दीर गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या वहिनींनी डोंगर छाटायला घेतला तर त्याचीही पणती करून देतील.

दीर तसा गोड बोलणारा. जीभ साखरेत घोळलेली, केस तेलात. त्याचं एकच तिला सोसत नसे. खड्यांच्या फटीतली माती काढायला जी बारीक सुई असे, तिनंच तो जेवणानंतर दात कोरायचा आणि ती पुन्हा तशीच डबीत ठेवायचा. वहिनी रोज ती सुई उकळत्या पाण्यात टाकायची आणि काही बोलायची नाही. पोट भरणाऱ्याच्या दातांबद्दल काय बोलणार.

आठ महिन्यांपूर्वी दुकानात निळे खडे आले. तेही फॉस्फेटचेच, पण यात लोखंड मिसळलेलं, असं दीर म्हणाला. तिनं आयुष्यात असा निळा पाहिला नव्हता. लांबट पात्यांसारखे, आरपार दिसणारे, नुकते काढले की जवळजवळ पाण्याच्या रंगाचे, आणि उजेड लागेल तसे निळे, मग गडद, मग काळपट. म्हणून ते काळ्या कागदात, कापसात, डबीच्या आत डबी असे ठेवावे लागत. त्यांची बैठक मात्र दगडाची नव्हती. तपकिरी, हलकी, जाळीदार. तिनं विचारलं तेव्हा दीर हसला, म्हणाला, हाड आहे वहिनी, आपल्या डोंगरात दुसरं काय असतं? मासा मेला, हाड चिखलात रुतलं, हाडातलं फॉस्फेट आणि चिखलातलं लोखंड यांचं लग्न लागलं, आणि हे लेकरू झालं.

हे शास्त्राला धरूनच होतं. तिनं मान डोलावली. माशाचं हाड, मग तोडायला कसली भीती. तिनं आठ महिने कट्कन कट्कन बैठका तोडल्या, खडे मोकळे केले. पायाशी बादलीत हाडाचा चुरा साठे, तो ती संध्याकाळी पिशवीत भरून घरी नेई आणि सासूच्या कुंड्यांत टाकी. खताचा दगड टाकतात तसा. त्या वर्षी सासूचे टोमॅटो मुठीएवढे झाले.

खडे कुठून येतात हे दीर सांगत नसे. धंद्यात ते कुणीच सांगत नाही, विचारतही नाही. पण वास सांगतो. ते यायचे ओल्या फडक्यात, आणि फडकं सोडलं की खोलीभर साचलेल्या गटारासारखा वास सुटायचा. दीर मग अत्तराची फवारणी करायचा, आणि ते गटार व ते गुलाब मिळून जे काही व्हायचं त्यानं वहिनीला भात नको वाटायचा. एकेचाळीस वर्षांपूर्वी वरच्या अंगाचा जुना बोगदा खचला होता. सात माणसं आत राहिली. तीन दिवस खणलं, चिखल थांबेना, मग कंपनीनं तोंडाशी भिंत बांधली आणि भिंतीवर सात नावं कोरली. त्यातलं चौथं नाव वहिनीच्या सासऱ्यांचं. ती लग्न होऊन आली तेव्हा ते नव्हतेच. तिनं त्यांना पाहिलं ते घरातल्या तसबिरीत, मिशा पिळलेले, बघणाऱ्यावर किंचित रागावलेले. गेल्या पावसाळ्यानंतर डोंगराच्या त्या अंगाला जमीन खचून भोक पडलंय, असं गावात बोललं जात होतं. वहिनीनंही ते ऐकलं होतं. या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

आता ऐका कसं झालं ते.

निळ्या खड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर. शहरातला, निवृत्त, पांढऱ्या हातमोज्यांत खडे हाताळणारा, बोलायला फार सभ्य. एका बुधवारी दिरानं काळ्या कागदातला एक मोठा तुकडा तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं की डॉक्टर उद्या सकाळी हा न्यायला येतायत, पण याची बैठक छाटायची नाही. अजिबात नाही. जशी आहे तशी हवीय त्यांना. फक्त मऊ कुंचल्यानं माती काढा, आणि दिवा मंद ठेवा. एवढं सांगून तो बँकेच्या कामाला गेला.

छाटणाऱ्या बाईला छाटू नको म्हणणं म्हणजे शिंप्याला कातरीला हात लावू नको म्हणण्यासारखं. तिला जरा रागच आला. बैठक ठेवायची म्हणजे त्या बैठकीत असं आहे तरी काय? आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं खडा सोडून बैठकीकडे पाहिलं.

अर्ध्या वितीएवढी, वाकलेली, घोड्याच्या नालेच्या अर्ध्या भागासारखी. एका टोकाला निळ्या पात्यांचा झुबका, इतका सुरेख की हात जोडावेत. दुसऱ्या बाजूला लोखंडी चिखल घट्ट बसलेला. तिनं कोमट पाण्यात कुंचला बुडवला आणि घासायला लागली. चिखल पाघळून ताटलीत उतरला, गंजासारखा तांबडा. आधी एक पांढरट टोक वर आलं, मग शेजारी दुसरं, मग तिसरं. ओळीनं बसलेले खडे असावेत. माशांचे दात असे ओळीनं निघतात, तिनं शेकड्यांनी पाहिले होते, करवतीसारखे, टोकदार. हे टोकदार नव्हते. चपटे होते. मधे खळगा असलेले. तिचा कुंचला चालूच होता, कारण हाताला सवय असते आणि हात डोक्याला विचारत नाही. शेवटून दुसऱ्याच्या खळग्यातला चिखल निघाला, आणि आत काहीतरी चमकलं.

तिनं दिवा मोठा केला. उजेड लागतो, खडे काळे पडतात, सगळं विसरली. दाढ होती. दाढेत करड्या चांदीचा ठिपका होता, गुळगुळीत, कडेला नीट बसवलेला. अगदी तसाच एक तिच्या स्वतःच्या तोंडात उजवीकडे होता. तिची जीभ आपोआप तिथं गेली आणि तिथंच थबकली.

माशाच्या दाढेत चांदी कोण भरतं?

तिनं कुंचला खाली ठेवला. मग बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना तो तांबडा गाळ होता, आज होता तसा काल होता, आठ महिने रोज होता. या हातांनी तिनं पीठ मळलं होतं. सासूची वेणी घातली होती. ओकायला तिनं पायाशी असलेली बादली ओढली, आणि पाहिलं तर तळाशी मागच्या छाटणीचा चिकटून राहिलेला चुरा. त्यावर कशी ओकणार? तोंड दाबून ती मागच्या मोरीत गेली आणि तिथं रिकामी झाली. तोंड धुतलं, पण पाणी गिळवेना. हात राखेनं घासले, साबणानं घासले, दगडानं घासले. वास हातांना होता की नाकाला, तेच कळेना.

दीर आला तेव्हा ती तुकड्यासमोर स्टुलावर बसली होती. दाढ त्याच्याकडे वळवून ठेवली होती. त्यानं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं नाही, म्हणजे धक्का. त्याऐवजी त्यानं आधी धावत जाऊन दिवा मंद केला.

तिला तेव्हाच कळलं की याला माहीत आहे.

त्यानंतर तो पुष्कळ बोलला. सुरुवातीला खरंच माहीत नव्हतं, त्या खचलेल्या भोकात, अंधारात काय दिसतं, हाड ते हाड. मग बूट सापडला तेव्हा कळलं. तोवर दहाबारा विकले गेले होते. थांबून काय होणार होतं, गेलेले परत येणार होते का? आणि पाप कसलं यात, मातीत पडून माती होण्यापेक्षा काचेच्या कपाटात, मखमलीवर राहिले, लोक पाहून वाहवा करतात. एवढा मान तर बिचाऱ्यांना जिवंतपणी मिळाला नव्हता. हे सगळं तो हळू आवाजात, समजुतीच्या सुरात बोलत होता आणि बोलता बोलता त्याच्या बोटांनी सवयीनं डबीतली सुई काढली होती.

"सुई खाली ठेवा, भाऊजी," वहिनी म्हणाली.

त्यानं ठेवली.

"तुमचे वडील आहेत तिथं."

"सात जण होते वहिनी. वडीलच कशावरून?"

हे वाक्य तो असं बोलला जसं कुणी वजनात खोट काढावी. वहिनीनं आयुष्यात कुजलेली जनावरं पाहिली होती, खाणीतलं तुंबलेलं पाणी उपसलं होतं, नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्याचं सगळं स्वतःच्या हातांनी केलं होतं. कशाचीच कधी शिसारी आली नाही. ती त्या क्षणी आली, आणि ती त्या हाडाची नव्हती. समोर तेल लावून नीट भांग पाडलेलं जे डोकं होतं, त्याची होती.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिनं म्हणीत ऐकलं होतं. म्हणी करणाऱ्यांनी कुठंतरी खरंच पाहिलं असणार, हे आज कळलं.

तो शेवटी एवढंच म्हणाला की डॉक्टर उद्या येतायत, हा एक जाऊ दे, मग ते भोक मी बुजवून टाकतो, आणि आईला काही सांगू नका, तिच्या जिवाला लागेल. आईची काळजी त्याला तेवढ्यात आठवली होती.

वहिनी घरी आली. उन्हं अजून गच्चीवर होती. सासू कुंड्यांजवळ बसून टोमॅटो खुडत होती आणि प्रत्येकाशी बोलत होती, तिला ती सवयच होती. आज काय गं, गाल लाल करून बसलीस, असं. वहिनी दारातच थांबली. सांगितलं तर म्हातारी कोसळेल. नाही सांगितलं तर तो तुकडा उद्या दहा वाजता काळ्या कागदात बसून जाईल, आणि एकदा गेला की कुणाच्या कपाटात, कुठल्या देशात, देव जाणे. तेवीस गेले होते. तिनं स्वतः छाटलेले, त्यामुळे प्रत्येकाचा आकार तिच्या हातांना आठवत होता. तो चोविसावा. आणि न छाटलेला, म्हणजे माणूस म्हणून ओळखू येईल असा तो एकटाच उरला होता.

सासूनं एक टोमॅटो पदराला पुसून तिच्यापुढं धरला. वहिनीला तो घेववेना. मागं सरकली, भिंतीला टेकली, आणि मग उभ्या उभ्या सगळं बोलली. भोक, बूट, बैठका, दाढ. शेवटी कुंड्या. कुंड्यांचं सांगताना तिला वाटलं, आता ही हातातलं फेकून देईल, ओकेल, मला शिव्या देईल, आणि द्याव्यात.

म्हातारीनं टोमॅटोकडे पाहिलं. मग तिनं तो ओंजळीत धरला, गार पडलेल्या पाखराला धरावं तसा.

"कुंडीत आला तो घरी आला," ती म्हणाली. "माझ्या पोटात गेला असेल तर जाऊ दे. त्याची दोन पोरं मी पोटात वागवली, तो एक जड झाला नसता. पण पोरी, विकलेला कुठं गेला?"

वहिनी भिंत सोडून तिच्याजवळ येऊन बसली.

"उद्या मला दुकानात ने," सासू म्हणाली. आणि मग तोंड वाकडं करून, जणू दाताखाली खडा आला, "दात कोरतो का गं अजून त्या सुईनं तो?"

वहिनी हो म्हणाली. सासू जमिनीवर थुंकली. इतक्या वर्षांत तिला कुणी थुंकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वेळेवर आला. बघतो तर गादीच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली, मांडीवर फडकं, फडक्यात तो तुकडा, आणि शेजारी वहिनी. दीर बाजूला उभा, हसू चेहऱ्यावर खिळ्यानं ठोकल्यासारखं. त्यानं ओळख करून दिली, आमची आई, तिला सहज बघायचं होतं. डॉक्टरनं वाकून नमस्कार केला. हातमोजे चढवले. म्हातारीनं अगदी नम्रपणे विचारलं की मी अडाणी बाई, तुम्ही जाणकार, हे नेमकं काय आहे ते जरा समजावून सांगाल का?

आणि त्यानं सांगितलं. तेच तर सगळ्यात ओंगळ होतं, की तो लपवायलाही गेला नाही. जाणकार माणसाला कुणी विचारलं की तो फुलतो. त्यानं बोट न लावता दाखवलं, हा खालचा जबडा, डावी बाजू. वय असेल वीस-बावीस, कारण अक्कलदाढ बघा, अजून पुरती वर आलेली नाही. दात निरोगी, तंबाखूचा डाग नाही. आणि ही भरलेली दाढ, वा, हे कारागिराचं काम आहे, आमच्या आधीच्या पिढीतल्या. मोकळे खडे पुष्कळांकडे आहेत हो, पण असा, मूळ बैठकीसकट, जगात मोजके. मग दिराकडे वळून त्यानं आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. वरचा भाग मिळण्यासारखा आहे का? म्हणजे जोडी झाली असती.

वहिनीला वाटलं, आता छत खाली येईल. छत जागेवर होतं. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"वीस-बावीस," म्हातारी म्हणाली. "तंबाखू नाही."

"नाही. खात्रीनं."

तेवढ्यात दिरानं श्वास सोडला. मोठा, मोकळा, पोटातून. चेहरा उजळला त्याचा. बाप गेला तेव्हा बेचाळिशीचा, तंबाखूनं दात काळे, आणि दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की घर सोडून पळणारा, हे त्याला आईनंच शंभरदा सांगितलं होतं.

"बघ आई," तो म्हणाला. "आपले नाहीतच. उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

आपले नाहीत. एवढंच. जसं काही आता हिशेब चुकता झाला, आता कागदात गुंडाळायला हरकत नाही. डॉक्टरही सौम्य हसला, गैरसमज मिटल्याचं समाधान त्याला झालं. दोघं असे उभे होते, आणि वहिनीला दिसलं की त्यांच्यात तसा काही फरकच नाही, एकाला हातमोजे आहेत, एवढंच.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. रागानं नाही. तव्यावर झुरळ दिसल्यावर बाई बघते तसं.

"आपले नाहीत म्हणजे कुणाचे नाहीत असं वाटलं का तुला?" ती म्हणाली. "दाढ भरलेला त्या सातांत एकच होता. लग्न ठरलं होतं म्हणून भरून घेतली होती. आरशात बघून बघून सगळ्यांना दाखवायचा. माझ्याही दारात येऊन आ करून दाखवली होती त्यानं."

तिनं फडकं चारही बाजूंनी वर घेतलं, गाठ मारली आणि उठली. दीर दाराशी आडवा झाला. तो विनवत होता, मग चिडला, डॉक्टरांनी आगाऊ पैसे दिलेत, मी शब्द दिलाय, लोक काय म्हणतील. आईनं त्याच्या छातीवर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला, आणि तो लगेच मागं झाला. तिनं तो हात पदराला पुसला. त्यानं ते पाहिलं. वहिनीनंही पाहिलं, आणि तिला आपल्या दिराची त्या दिवसात पहिल्यांदा आणि शेवटची किंचित कीव आली. पोटच्या पोराला शिवल्यावर आई हात पुसते, याहून मोठा तुरुंग कुठला?

मागून डॉक्टर विचारत होता की मग दुसरा कधी येईल.

दोघी बाजारातून चालत निघाल्या. म्हातारीचं पाऊल लहान, ओझं तिनं वहिनीला घेऊ दिलं नाही. पाणवठ्याच्या वळणावर कपडे शिवणाऱ्या बाईचं घर होतं. ती त्या दाढ भरलेल्या मुलाची बहीण. भाऊ गेला तेव्हा ती चौदा वर्षांची, आता पंचावन्नची, केस पिकलेले, गळ्यात मोजपट्टी. दारातूनच तिनं आवाज दिला, काकू, आज इकडं कुठं, आणि मग फडक्याकडे पाहून तिचं हसू अर्ध्यात राहिलं.

म्हातारीनं गाठ सोडली. दाढ तिच्याकडे वळवून धरली.

त्या बाईनं चष्मा लावला. वाकली. बोट पुढं केलं आणि त्या चांदीच्या ठिपक्यावर इतकं अलगद टेकवलं, जणू तो दुखेल. दुपारच्या उन्हात ते निळं सगळं बघता बघता गडद होत होतं, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती फक्त दाढ बघत होती.

"कुठं होता?" तिनं विचारलं.

म्हातारीनं वहिनीकडे पाहिलं नाही. तिनं उत्तरही दिलं नाही. ते उत्तर तिचं नव्हतं. वहिनीला कळलं की आत्ता ती गप्प राहिली तर म्हातारी तिला कधी काही म्हणणार नाही, आणि नुसती दिराकडे बोट दाखवून सुटताही येईल, ते खोटंही ठरणार नाही. सगळ्या गावाला ते पटेल.

"आमच्या दुकानात," ती म्हणाली. "आठ महिने येतायत. हा शेवटचा. त्याआधीचे विकले. ते किती जणांचे होते, त्यात कुणाकुणाचं काय होतं, मला सांगता येणार नाही. कारण ते मी तोडले. या हातांनी. मला माशांचे वाटले."

शिवणाऱ्या बाईनं मान वर केली. वहिनीच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. घासून घासून लाल झालेले हात. तिच्या नाकपुड्या जराशा आकसल्या, वरचा ओठ वर गेला. ते ती मुद्दाम करत नव्हती. ते आपोआप होतं. वहिनीला तो चेहरा ओळखीचा वाटला, काल तिनं तो स्वतः कुणाकडे तरी बघताना केला होता.

"काकू, आत या," ती म्हणाली. "तुम्ही नको."

म्हातारी तिच्या भावाला फडक्यात घेऊन आत गेली. दार लागलं.

वहिनी पायरीवर बसली नाही, उभीच राहिली. बाहेरच्या उन्हात, लोकांच्या येण्याजाण्यात. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. रडणं असेल, नसेलही. तिला परत जावंसं वाटलं नाही. आणखी पाच दारं होती, सगळी याच गावात, सगळी ओळखीची, आणि प्रत्येक दारात हेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ तुटेल असं वाटलं होतं. तुटली नव्हती.

बऱ्याच वेळानं दार वीतभर उघडलं. शिवणाऱ्या बाईचा हात बाहेर आला, हातात पाण्याचा पेला. तिनं तो उंबऱ्यावर ठेवला, वहिनीच्या हातात दिला नाही, आणि दार पुन्हा ओढून घेतलं.

वहिनीनं पेला उचलला आणि प्यायली. काल दुपारपासून तिच्या घशाखाली उतरलेलं ते पहिलंच पाणी होतं.